वातायनांचा जीर्णोद्धार : यॉर्क येथील कांचकामाच्या कारागिरांची हकीकत

१

अमरकोशांत वातायन व गवाक्ष हे दोन शब्द पर्याय म्हणून दिले आहेत. पहिल्याचा अर्थ वाऱ्याची वाट, दुसऱ्याचा अर्थ बैलाचा डोळा. इंग्रजी भाषेंत खिडकीस 'विंडो' म्हणतात. हा शब्द मूळचा उत्तरेकडील नॉर्स भाषेंतील 'विंडाउगा' हा असून त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. म्हणजे आपल्याकडे जें दोन शब्दांत वांटलें गेलें तेंच तिकडे एका शब्दांत सामावलें आहे. या साम्यावरून दोन भाषांचा संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. एवढेंच सांगावयाचें कीं, दोहींकडील शब्दांत वारा आहे, डोळा आहे, परंतु कांच कोठेंच नाहीं. खिडकीस कांच असणें हा मागाहून आलेला प्रकार होय, याची साक्ष हे शब्दच देत आहेत.

कांच ही वस्तु आपणांस अपरिचित होती असें मात्र नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत काचमण्यांचा उल्लेख येतो. नेवासें येथील व कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननांत कांचेच्या बांगड्या निघाल्या आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या सर्व पुराव्याची मांडणी केली आहे. परंतु ही कांच मनगटावर होती, गळ्यांत होती. भिंतींतल्या झरोक्यांत नव्हती. ज्या देशांत वारा आंत यावा म्हणून खिडकी ठेवावयाची, तेथें ती कांचेनें बुजविण्याचें प्रयोजन नव्हतें. म्हणून आपल्या बारा बलुतेदारांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे. खिडकीस कांच बसविणारा नाहीं.

युरोपच्या उत्तर भागांत स्थिति उलट. तेथें उजेड आंत घ्यावयाचा आणि वारा, पाऊस व हिंव बाहेर ठेवावयाचें. विल्यम हॅरिसन यानें १५७७ सालीं इंग्लंडचें जें वर्णन लिहिलें त्यांत तो सांगतो कीं, पूर्वीच्या काळीं घरांच्या खिडक्यांस वेताच्या किंवा ओक लांकडाच्या पट्ट्यांच्या जाळ्या असत, आणि कोठें कोठें शिंगाचे पातळ पापुद्रे लावीत. कांच ही प्रथम देवाच्या घराची वस्तु होती. माणसाच्या घरीं ती पुष्कळ उशिरां आली. त्यामुळें कांच बसविणाऱ्या कारागिरांचा जुना इतिहास हा बव्हंशीं ख्रिस्ती मंदिरांच्या खिडक्यांचा इतिहास आहे.

या खिडक्यांविषयीं युरोपांत विपुल लेखन झालें आहे. खिडकीचें दान कोणीं दिलें आणि चित्रांत कोणता प्रसंग आहे, याचा त्यांत सविस्तर विचार असतो. परंतु खिडकी एकदां बसविली म्हणजे ती आपोआप सहाशें वर्षें उभी राहते, अशी वाचकाची समजूत होते. ती खोटी आहे. शिशाचे सांधे सुटतात, कांच फुटते, चौकट फुगते. आणि दर तीन-चार पिढ्यांनीं कोणा तरी कारागिरास ती सबंध खिडकी उतरवून, सुटी करून, पुनः जुळवून बसवावी लागते. जी खिडकी आज जुनी म्हणून आपण पाहतों ती अनेक वेळां मोडून पुनः मांडलेली असते. तेव्हां तिचा कर्ता कोण, या प्रश्नाइतकाच तिला राखलें कोणीं, हाहि प्रश्न इतिहासाचा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार इंग्लंडांतील यॉर्क शहराच्या आधारें करण्याचें योजिलें आहे. कारण कांच, कागदपत्र आणि दुरुस्तीची परंपरा या तीन्ही गोष्टी एकत्र सांपडाव्यात अशीं स्थळें थोडीं, आणि यॉर्क हें त्यांत अग्रगण्य आहे.

२

प्रथम या कामाची रीत सांगणें अवश्य आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत थिओफिलस या नांवानें लिहिणाऱ्या एका साधूनें नाना कलांवर लॅटिन भाषेंत एक ग्रंथ रचला. त्याचें दुसरें प्रकरण कांचेविषयीं आहे. आपल्या शिल्पग्रंथांप्रमाणेंच हाहि विधिग्रंथ आहे. अमुक घ्यावें, अमुक करावें, अशी त्याची भाषा.

त्याची पद्धति अशी. एक मोठा सपाट लांकडी फळा घेऊन त्यावर खडूची पूड पसरावी आणि पाणी शिंपडून ती सर्वत्र चोळावी. फळा वाळला कीं त्यावर खिडकीच्या मापाचें चित्र काढावें व कोणत्या जागीं कोणता रंग तें खुणेनें लिहावें. मग रंगीत कांचेचे तुकडे त्यावर ठेवून, खालची रेघ दिसेल तशी वर खडूनें उमटवावी. हिरकणीनें कांच कापण्याची युक्ति त्या काळीं नव्हती. लोखंडी सळई तापवून रेघेवरून फिरवीत; उष्णतेनें कांच तडकत जाई. मग खांच असलेल्या लोखंडी हत्यारानें कडा कुरतडून तुकडा नेमका करीत. जुन्या कांचेच्या कडेवर हे कुरतडल्याचे बारीक दांते आजहि दिसतात, आणि एखादा तुकडा मूळचा कीं मागाहून घातलेला याची ती एक खूण मानली जाते. चेहरे, केस, वस्त्रांच्या चुण्या हें सर्व काळपट रंगानें वर रेखून तुकडे भट्टींत भाजीत, म्हणजे रेघ कांचेस कायमची धरे. शेवटीं इंग्रजी एच् अक्षरासारखा छेद असलेल्या शिशाच्या पट्ट्यांच्या खांचांत तुकडे बसवून, पट्ट्यांचे सांधे कथलाच्या डाखानें झाळीत.

शिसें हें येथें केवळ जोडकाम नव्हे. तें मऊ असल्यामुळें वाऱ्याच्या दाबाखालीं खिडकी किंचित् लवते, फुटत नाहीं. परंतु त्याच मऊपणामुळें तें कालांतरानें थकतें, चिरतें. सामान्यतः शंभर-सव्वाशें वर्षांनीं सबंध खिडकी नव्या शिशांत बसवावी लागते. कांच टिकाऊ परंतु ठिसूळ, शिसें नाशवंत परंतु सोशिक. या दोहोंच्या संसारावर खिडकी उभी असते.

ग्रंथांतली रीत प्रत्यक्षांत कशी चाले हें वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यांतील सेंट स्टीफनच्या मंदिराच्या हिशेबवह्यांत पाहावयास मिळतें. इ. स. १३५१-५२ मध्यें तेथें तिसऱ्या एडवर्ड राजाचें काम चालू होतें. जॉन ऑफ चेस्टर हा तेथील कारागिरांचा एक मुख्य. पांढऱ्या फळ्यांवर चित्र काढणाऱ्या मुख्य कारागिरांस रोज १२ पेनी, कांचेवर रंगकाम करणाऱ्यांस ७ पेनी, कांच तोडून जुळविणाऱ्यांस ६ पेनी, आणि रंग घोटणाऱ्या मदतनिसांस साडेचार पेनीच्या आसपास, अशी मजुरीची उतरंड त्या वह्यांत दिसते. पांढरी कांच सरे प्रांतांतील चिडिंगफोल्ड गांवाकडून जॉन अलमेन याजकडून घेतल्याची नोंद आहे. फळे धुण्यासाठीं यवाची दारू विकत घेतल्याचाहि खर्च पडला आहे. इतिहासकारास अशा नोंदीचा किती आनंद होतो, तें पेशवे दफ्तरांतील रोजकीर्द चाळलेल्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु या मंदिराची कांच आज नाहीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या इमारतीचें रूप पालटलें, आणि १८३४ च्या आगींत उरलेंसुरलें गेलें. वही राहिली, खिडकी गेली.

३

यॉर्क येथें नेमकें याच्या उलट झालें.

यॉर्कचें महामंदिर मिन्स्टर या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या पूर्व भिंतींत जी प्रचंड खिडकी आहे तिची उंची सत्तर फुटांहून अधिक असून तींत कांचेचे एकूण ३११ फलक आहेत. विषय सृष्टीचा आरंभ व सृष्टीचा अंत हा आहे. वरच्या ओळींत बायबलांतील उत्पत्तीपासूनच्या कथा आणि त्यांखालीं ८१ फलकांत प्रलयकाळाचें दर्शन. या खिडकीचा करार इ. स. १४०५ च्या डिसेंबरांत मंदिराच्या अधिकाऱ्यांनीं कॉव्हेंट्री येथील जॉन थॉर्नटन या कारागिराशीं केला. मूळ करारपत्र हरवलें; पुढें सतराव्या शतकांतील जिज्ञासूंनीं करून ठेवलेल्या नकलांमुळें त्यांतील मजकूर आपणांस कळतो. म्हणजे येथें खिडकी राहिली आणि कागद गेला. आणि कागदाचा अर्थ नकलकारांनीं राखला.

करार असा कीं, थॉर्नटन यानें तीन वर्षांत काम पुरें करावें आणि आकृति व कथाप्रसंग स्वतःच्या हातानें रेखावेत. त्यास आठवड्यास ४ शिलिंग, शिवाय प्रत्येक वर्षीं ५ पौंड, आणि काम मनाजोगें पुरें झाल्यास अखेरीस १० पौंड द्यावेत. तीन वर्षांचा हिशेब केला तर ही रक्कम सुमारें ५६ पौंड भरते. खिडकीच्या शिरोभागीं १४०८ हें साल व थॉर्नटनची खूण आहे. म्हणजे त्यानें मुदत पाळली. १४१० सालीं त्यास यॉर्क शहराच्या नागरिकत्वाचा हक्क मिळाला.

यॉर्कांत स्टोनगेट नांवाची एक आळी आहे. कांचकाम करणारे तेथें राहत. त्या आळीजवळचें सेंट हेलनचें मंदिर हें त्यांचें मंदिर; त्यांतील कित्येकांस तेथेंच मूठमाती मिळाली. त्यांचीं मृत्युपत्रें उपलब्ध आहेत. रॉबर्ट प्रेस्टन नांवाच्या कारागिराचें १५०३ सालचें मृत्युपत्र पाहतां, हत्यारें व आराखड्यांच्या गुंडाळ्या आपल्या माणसांस कशा वांटून दिल्या जात हें कळतें. आपल्याकडे वैद्याची पोथी किंवा जोशाचें पंचांग जसें घरांत चालत येई तसें तेथें फळ्यावरचें चित्र चालत येई. या धंद्यास प्रतिष्ठाहि होती. जॉन पेटी हा कांचकाम करणारा कारागीर १५०८ सालीं यॉर्कचा महापौर झाला, आणि अधिकारावर असतांनाच मृत्यु पावला.

४

यानंतर तीस वर्षांच्या आंत या लोकांचा बाजार उठला. आठव्या हेन्रीनें मठ मोडले. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींत, १५४७ सालीं, मूर्ति व चित्रें काढून टाकण्याच्या आज्ञा निघाल्या. दगडी मूर्ति फोडल्या गेल्या, भिंतींवरील चित्रांस चुना लागला. मग कांचेवरील चित्रें कां वांचलीं? याचें उत्तर हॅरिसननेंच दिलें आहे, व तें अत्यंत व्यावहारिक आहे. मूर्ति काढली तर कोनाडा रिकामा राहतो, एवढेंच. कांच काढली तर पाऊस आंत येतो. पुरेशी नवी कांच मिळेना, मिळाली तर तिचा खर्च झेपेना. म्हणून जुनी कांच एकदम न काढतां हळूहळू मोडूं दिली, आणि जसजशी मोडेल तसतशी तिच्या जागीं साधी पांढरी कांच बसविली. धर्मकारणाच्या प्रवाहांत या चित्रांस जो आधार मिळाला तो भक्तीचा नव्हे, हवेचा व खर्चाचा होता.

येथें एक अवघड गोष्ट नमूद केली पाहिजे. १६४३-४४ मध्यें पार्लमेंटच्या पक्षानें विल्यम डाउसिंग यास इंग्लंडच्या पूर्व भागांतील मंदिरें 'शुद्ध' करण्यास नेमलें. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. परंतु उंच खिडकींतील चित्र उतरविण्याचें काम सर्वत्र दगड मारूनच झालें असें नाहीं. गांवोगांवच्या मंदिरांच्या जमाखर्चांत, चित्राची कांच उतरवून पांढरी बसविल्याबद्दल कांचकाम करणाऱ्यास मजुरी दिल्याच्या नोंदी आढळतात. ज्या हातांच्या पूर्वजांनीं तीं चित्रें चढविलीं त्याच धंद्याच्या हातांनीं तीं उतरविलीं. त्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु पोट त्याच हातांवर चालत होतें, आणि हुकूम त्यांचा नव्हता. कारागीर हा नेहमींच रक्षक असतो असें म्हणणें म्हणजे इतिहासाची स्तुति करणें होय, इतिहास लिहिणें नव्हे.

यॉर्कचें दैव चांगलें. २ जुलै १६४४ रोजीं मार्स्टन मूरच्या लढाईंत राजपक्षाचा मोड झाला व त्याच महिन्यांत यॉर्क शरण गेलें. विजयी सैन्यांतील फेअरफॅक्स पितापुत्र यॉर्कशायरचेच राहणारे. शरणागतीच्या अटींत मंदिरें विद्रूप करूं नयेत असें कलम होतें, आणि तें त्यांनीं पाळविलें. म्हणून पूर्वेची खिडकी वांचली.

वांचली, म्हणजे दुरुस्त होत राहिली. ही दुरुस्ती कशी होई तें पाहण्याजोगें आहे. एखादा तुकडा तडकला तर त्या तडीवरच शिशाची एक पट्टी बसवीत. चेहऱ्यावरून अशी काळी पट्टी गेली म्हणजे चित्र विरूप होई, परंतु कांच टिके. एखादा तुकडा नाहींसा झाला तर दुसऱ्या मोडक्या खिडकींतील जवळच्या रंगाचा तुकडा तेथें घालीत. मग साधूच्या अंगरख्यांत घोड्याचा पाय आणि आकाशांत अक्षरांचा भाग, असे प्रकार होत. तीन-चार वेळां उतरवून चढवितांना फलकांची जागाहि बदले. दोन-तीनशें वर्षांत चित्राचा अर्थ लागेनासा होई.

अशा दुरुस्त्यांच्या तारखा कोठें मिळतात? एक साधन मोठें मौजेचें आहे. शिशाच्या पट्ट्या पूर्वी सांच्यांत ओतीत. पुढें त्या लहानशा चरकांतून ओढूं लागले. चरकाच्या चाकावर कित्येक कारागीर आपलें नांव व साल कोरून ठेवीत. पट्टी ओढली जातांना तीं अक्षरें तिच्या पोटांत उमटत. कांच बसल्यावर तीं दिसेनाशीं होत. दीडशें-दोनशें वर्षांनीं पट्टी उघडली म्हणजे हा धातूचा लेख बाहेर येतो. कित्येकांनीं हिरकणीनें कांचेच्या कोपऱ्यावर आपलें नांव व दुरुस्तीचें साल ओरखडून ठेवलें आहे. खालून तें कोणास दिसत नाहीं. ताम्रपट दात्याचें नांव जगास सांगण्यासाठीं कोरतात; हे शिसपट फक्त पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठीं लिहिले गेले.

५

विसाव्या शतकांत या धंद्यास नवें काम आलें, तें युद्धामुळें. पहिल्या महायुद्धांत झेपेलिन नांवाच्या जर्मन हवाई जहाजांच्या भयानें मिन्स्टरच्या खिडक्या उतरविण्यांत आल्या. युद्धानंतर त्या परत चढवावयाच्या म्हणजे नवें शिसें आलेंच. उत्तरेकडील पांच बहिणींची खिडकी म्हणून प्रसिद्ध असलेली तेराव्या शतकांतील खिडकी या वेळीं पुनः जुळविली गेली. तींत लाखाहून अधिक तुकडे आहेत, आणि रंग जवळजवळ नाहीं. करड्या छटेवर पानांची वेलबुट्टी. १९२५ सालीं ती महायुद्धांत मेलेल्या त्या वेळच्या ब्रिटिश साम्राज्यांतील स्त्रियांचें स्मारक म्हणून समर्पित झाली.

या कामास जें शिसें वापरलें त्याची हकीकत विलक्षण आहे. यॉर्कशायरांत रिव्हो नांवाचा मठ आहे. हेन्रीच्या काळीं तो मोडला तेव्हां छपराचें शिसें वितळवून, त्याच्या लगडींवर राजाची मुद्रा ठोकून, तीं नेण्यासाठीं ठेविलीं होतीं. वरून दगडी काम कोसळलें आणि लगडी गाडल्या गेल्या. महायुद्धानंतर ढिगारा उपसतांना त्या निघाल्या, आणि त्याच शिशांत पांच बहिणींची कांच बसविली. ज्या राजाज्ञेनें मठ मोडला तिच्याच मुद्रेचें शिसें चारशें वर्षांनीं मंदिराच्या कामीं आलें. असा योगायोग कवीनें कल्पिला असता तर आपण त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें.

दुसऱ्या महायुद्धांत खिडक्या पुनः उतरल्या. शहरांतील सेंट मार्टिनच्या मंदिराची पंधराव्या शतकांतील मोठी खिडकी १९४० सालीं काढून ठेविली होती. २९ एप्रिल १९४२ रोजीं यॉर्कवर बाँब पडले, आणि तें मंदिर जळून गेलें. खिडकी तेवढी राहिली, कारण ती तेथें नव्हती.

६

युद्ध संपल्यावर पेट्यांतील शेंकडों फलक परत बसवावयाचे होते. १९४१ पासून १९६३ पर्यंत मंदिराचे मुख्य अधिकारी एरिक मिल्नर-व्हाइट हे होते. त्यांनीं ठरविलें कीं, जसे होते तसे ते परत चढवावयाचे नाहींत. चित्राचा अर्थ पुनः लावावयाचा, भलते तुकडे काढावयाचे, चेहऱ्यांवरच्या काळ्या पट्ट्या शक्य तेथें कमी करावयाच्या, हरवलेल्या जागीं सांठ्यांतली जुनी कांच घालावयाची. ऐंशींहून अधिक खिडक्यांचें काम त्यांच्या देखरेखीखालीं झालें. हात अर्थातच कारागिरांचे. त्यांतील पीटर गिब्सन हे १९४५ सालीं उमेदवार म्हणून लागले, आणि १९६७ सालीं यॉर्क ग्लेझियर्स ट्रस्ट ही संस्था स्थापन झाल्यावर तिचे प्रमुख झाले.

संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखितांशीं ज्याचा संबंध आला आहे त्यास हें वाचतांना आपल्याच घरची गोष्ट ऐकल्यासारखें होतें. पत्रें उलटसुलट झालेलीं आहेत, कोणी वाचकानें समासांतील टीप मूळांत घुसविली आहे, गळालेल्या श्लोकाच्या जागीं दुसऱ्या पुराणांतला श्लोक बसविला आहे. संशोधकानें काय करावें? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें, डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून त्यास शिस्त लावली, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. त्या आवृत्तीचा मोठेपणा प्रक्षिप्त भाग ओळखण्यांत आहेच. परंतु माझ्या मतें त्याहूनहि मोठेपणा यांत आहे कीं, वगळलेला एकहि श्लोक फेंकून दिलेला नाहीं. तो तळटीपेंत आहे, परिशिष्टांत आहे. उद्यां कोणास संपादकाचा निर्णय अमान्य झाला तर पुरावा त्याच पानावर हजर आहे.

मिल्नर-व्हाइट यांच्या कामावर पुढच्या पिढीनें जो आक्षेप घेतला त्याचें मर्म येथेंच आहे. त्यांनीं वार्षिक वृत्तांतांतून टिपणें प्रसिद्ध केलीं. तथापि प्रत्येक तुकड्याची पूर्वस्थिति त्यांत येणें शक्य नव्हतें. कांच ही एकच प्रत आहे. तिला परिशिष्ट जोडतां येत नाहीं. एक तुकडा काढून दुसरा घातला कीं पूर्वीचा पाठ नष्ट होतो. शिवाय जो तुकडा भलता म्हणून काढला तोहि दोनशें वर्षांपूर्वींच्या कोणा कारागिराच्या दुरुस्तीचा पुरावा असतो. परंतु न्यायानें बोलावयाचें तर, त्यांनीं हात घातला नसता तर आज त्या खिडक्यांपैकीं कित्येक वाचतांच आल्या नसत्या. अर्थहीन झालेली खिडकी जशीच्या तशी राखणें हेंहि एका प्रकारें तिला गमावणेंच आहे.

या वादांतूनच नियम तयार झाले. मध्ययुगीन रंगीत कांचेची सूची करण्यासाठीं १९५२ सालीं कॉर्पस व्हिट्रिआरुम हा आंतरराष्ट्रीय उपक्रम निघाला. त्याच्या विद्यमानें दुरुस्तीचे जे संकेत ठरले त्यांचें सार असें : हात शक्य तितका कमी लावावा, जें लावावें तें पुढें काढतां येईल असें असावें, आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवावी. पूर्वेची मोठी खिडकी २००८ सालीं पुनः उतरविली व २०१८ सालीं तिचें काम पुरें झालें. थॉर्नटननें ती तीन वर्षांत केली. दुरुस्तीस दहा वर्षें लागलीं. या वेळीं तडकलेले तुकडे शिशाच्या पट्टीऐवजीं पारदर्शक चिकट द्रव्यानें कडेशीं कड भिडवून सांधले, आणि जुन्या खिडकीच्या बाहेर संरक्षणासाठीं नव्या कांचेचें दुसरें आवरण बसविलें. पाऊसवारा आतां त्या बाहेरच्या कांचेनें सोसावयाचा.

७

दुरुस्तीचें खरें मोल कळण्यास कधीं कधीं आपत्ति यावी लागते. मिन्स्टरच्या दक्षिण बाहूवर चक्राकार खिडकी आहे. तिची कांच इ. स. १५०० च्या सुमाराची असून मध्यभागीं अठराव्या शतकांतील विल्यम पेकिट या यॉर्कच्याच कारागिरानें घातलेलें सूर्यफूल आहे. १९७० च्या सुमारास ही खिडकी नव्या शिशांत बसविण्यांत आली. काम नित्याचें होतें. त्याचा गाजावाजा होण्याचें कारण नव्हतें.

९ जुलै १९८४ च्या पहांटे दक्षिण बाहूच्या छपरास आग लागली. छप्पर कोसळलें. त्या उष्णतेनें चक्राकार खिडकीच्या ७३ फलकांतील कांचेस सुमारें ४०,००० तडे गेले. तरीहि खिडकी पडली नाहीं. चौदा वर्षांपूर्वीं घातलेलें शिसें निरोगी होतें. त्यानें चुरा झालेली कांच जागच्या जागीं धरून ठेविली. जुनें, थकलेलें शिसें असतें तर सकाळीं झाडूनें गोळा करण्यापलीकडे कांहीं उरलें नसतें. पुढें गिब्सन व त्यांचे सहकारी यांनीं एकेक फलक उतरवून, कांच सांधून, तिला साध्या कांचेचा आधार देऊन, ती खिडकी पुनः उभी केली.

आपल्या शास्त्रकारांनीं जीर्णोद्धारास स्वतंत्र स्थान दिलें आहे. अग्निपुराणांत त्याचा अध्याय आहे, आणि मयमतासारख्या शिल्पग्रंथांत अनुकर्म या नांवानें तो विषय येतो. अनुकर्म हा शब्द मला फार समर्पक वाटतो. मूळ कर्माच्या मागून जाणारें, त्यास अनुसरून केलेलें, तें अनुकर्म. यॉर्कच्या १९७० च्या कारागिरांनीं केलें तें अनुकर्मच होतें. आणि त्यानेंच कर्म वांचविलें.

८

शेवटीं स्वदेशाकडे वळून दोन शब्द लिहितों. आपल्याकडे हा धंदा जुना नाहीं. परंतु आतां तो इतका अर्वाचीनहि राहिला नाहीं कीं इतिहासानें त्याजकडे पाहूं नये. गोमंतकांत जुन्या मंदिरांच्या व घरांच्या खिडक्यांस चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचीं तावदानें आहेत. बारीक लांकडी पट्ट्यांच्या खांचांत एकेक चकती सरकवून तीं भरलेलीं असतात. येथें शिशाचें काम लांकडानें व कांचेचें काम शिंपल्यानें केलें आहे; ऊन मंद होऊन आंत येतें. चकती फुटली कीं तिच्या जागीं साधी कांच बसवितात, आणि हळूहळू शिंपला कमी व कांच अधिक होत जाते. हॅरिसननें सांगितलेलीच ही क्रिया. मुंबईंत कुलाब्याच्या अफगाण चर्चांत न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स याच्या कारखान्याची रंगीत कांच आहे. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या इमारतींतील रंगीत खिडक्यांची दुरुस्ती २०१५ सालीं पुरी झाली. देशावरील वाड्यांत पेशवाईच्या उत्तरकाळापासून तावदानें शिरलीं. या सर्वांस कांच कोणीं बसविली, फुटल्यावर कोण येई, त्याची मजुरी काय, याच्या नोंदी खाजगी जमाखर्चांत असणारच.

मीं ज्या शाळेंत तीस वर्षें संस्कृत शिकविलें तेथील वर्गांस मोठीं तावदानें होतीं. दर पावसाळ्यापूर्वीं एक वृद्ध कारागीर येई. फडक्यांत गुंडाळलेली हिरकणी, जवसाच्या तेलांत खडूची भुकटी मळून केलेलें लुकण, आणि एक पातळ पातें, एवढीच त्याची सामग्री. फुटलेली मोठी कांच तो टाकून देत नसे. तिच्यांतून वरच्या लहान घरांत बसेल असा तुकडा कापून काढी. वर्ग चालू असला तर तो कोपऱ्यांत बसून राही. रघुवंशाचा पाठ संपल्यावरच हातोडी उचली. त्याचें नांव मीं कधीं विचारलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर शाळेच्या इतिहासाचें टिपण करण्यासाठीं खर्चाच्या जुन्या वह्या पाहिल्या. तेथें दर वर्षीं 'कांचा बसविल्या, नग इतके' एवढीच ओळ आहे. सहाशें वर्षांपूर्वींच्या वेस्टमिन्स्टरच्या कारकुनानें आपल्या कारागिरांचीं नांवें लिहिलीं. आमच्या वहींत नग राहिले.

ज्यांच्या घरीं जुने जमाखर्च असतील, ज्यांच्या गांवीं जुन्या वाड्यांची किंवा मंदिरांची तावदानें अद्याप जागेवर असतील, त्यांनीं तीं उतरण्यापूर्वीं पाहून ठेवावीं, मापें घ्यावीं, आणि दुरुस्ती करणारा हयात असेल तर त्यास नांव विचारून लिहून ठेवावें, एवढीच या लेखाच्या निमित्तानें वाचकांस विनंति आहे.